साडीत गुंडाळलेला ॲक्सल

मी एका लाल स्पोर्ट्स कारचा मागचा ॲक्सल बोलतोय. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवतो मी, आणि कौतुक होतं इंजिनाचं. मला बघायचं तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, एवढी तसदी कोण घेतो?

अमेरिकेतल्या सांता क्लाराचे चंद्रशेखर घ्यायचे. मूळचे नागपूरचे, कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचे. २००१ साली त्यांनी ही गाडी जुनी घेतली. शनिवार उजाडला की ते आणि त्यांची मुलगी स्वानंदी गाडीखाली. दसऱ्याला पाना-हातोडीबरोबर मलाही हळदकुंकू मिळायचं.

"बाबा, व्हाय द ॲक्सल?" स्वानंदी विचारायची.

"अगं, सगळा लोड हाच घेतो. बोलत नाही बिचारा."

तेवढ्यावर मी वर्षभर खूश असायचो.

२००४ मध्ये बापलेकीनं इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट केली. रेसच्या पट्टीवर पहिल्याच फेरीत मी असा कण्हलो की बाबांनी पुढची फेरी कॅन्सल केली. "उद्या तूही ड्राइव्ह करणार. रिस्क नको," ते लेकीला म्हणाले. माझ्या जागी जाडजूड नवा ॲक्सल आला.

मला तेल लावून, स्वानंदीच्या आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलं. वर थोपटून बाबा म्हणाले, "मूळचा आहेस तू. गाडी विकायची वेळ आली की परत लावू तुला."

मी जळलो, खोटं कशाला सांगू? नवा मोडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो. तो काही मोडला नाही. मग एकच मागणं उरलं: गाडी विकायची वेळ येऊ दे. दर दसऱ्याला बाबा साडीची गाठ सोडून मला कुंकू लावायचे, तेव्हाही मी रुसलेलाच असायचो.

वेळ आली. जानेवारी २००८ मध्ये ऑफिसात बाबांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

उन्हाळ्यात स्वानंदीनं गॅरेज उघडलं. तिला शिकायला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्टेट कॉलेज नावाच्या गावी जायचं होतं, आईला ही गाडी झेपत नव्हती, आणि घेणाऱ्याला सगळं मूळचंच हवं होतं. इंजिन मेकॅनिकनं आधीच पहिल्यासारखं करून दिलं होतं, मीच तेवढा राहिलो होतो.

"मेकॅनिकला बोलाव गं," आई म्हणाली.

"नो आई, मीच लावते. बाबांनी प्रॉमिस केलं होतं याला."

तिनं साडी सोडली. बाबांनी शेवटच्या दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून माझ्यावर होतं. सगळं अंग तिनं पुसलं, तेवढी जागा सोडली. मग त्या डागाशेजारी कपाळ टेकून ती खूप रडली. मला बोलता येत असतं तर सांगितलं असतं, पोरी, ही वेळ मीच मागितली होती गं. काय मागतोय ते मला कळत नव्हतं.

आता मी गाडीखाली, माझ्या जागेवर आहे. नवा मालक भला आहे, गाडी हळू चालवतो. रस्त्यावरच्या पाण्यानं कुंकू फिकट होत चाललंय.

तुमच्या गॅरेजमध्ये असा एखादा जुना भाग पडला असेल, तर त्याला कुंकू लावा, तेल लावा. परत लावू, असं मात्र सांगू नका. तो वाट बघत बसतो.