आमेन माझ्याकडे

आमच्या घरात कामांची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. स्वयंपाक तिचा, भांडी माझी. बाजार माझा, घासाघीस तिची. जेवणाआधीची प्रार्थना तिच्याकडे, आमेन माझ्याकडे.

तिची प्रार्थना म्हणजे काय ते विचारू नका. शहाणं माणूस दोन वाक्यांत आटपतं. अन्नाबद्दल आभार मानायचे आणि जेवायला लागायचं. पण हिनं डोळे मिटले की हिला सगळं जग आठवायचं. वरच्या मजल्यावरच्या मावशींचा गुडघा, टपालवाल्याची बदली, पाळकसाहेबांचा खोकला. एकेकाला धरून देवासमोर उभं करायची. आणि शेवटी माझा नंबर. "प्रभू, यांच्या रागाला जरा आवर घाल." मी एक डोळा उघडा ठेवून बटाट्यांकडे बघत बसायचो. वाफ दिसेनाशी झाली की मोठ्यानं म्हणायचो, "आमेन!"

"अहो, माझं झालं नव्हतं!"

"त्याला कळलं सगळं. वाढ आता."

"तुमचं आमेन म्हणजे दार आपटल्यासारखं असतं," असं ती म्हणायची आणि हसत हसत वाढायची. भांडण नव्हतं ते, आमचा रोजचा खेळ होता.

ती गेली आणि मी टेबलावर बसून जेवायचं सोडलं. ओट्यापाशी उभ्यानं खातो. पाव, अंडं, कधी डब्यातलं सूप. कारण टेबलावर बसलं की समोर तिची खुर्ची, आणि बसलं की आधी प्रार्थना. ती करणार कोण? नुसतंच आमेन म्हणून घास घ्यायचा? उभ्यानं खाल्लेलं जेवणात धरत नाहीत, अशी पळवाट मी काढली होती. टेबलावर हळूहळू मशीनच्या मोटारी, पट्टे, स्क्रूंच्या डब्या जमल्या. तिनं पाहिलं असतं तर माझी काही खैर नव्हती.

धंदाच तो आहे माझा. कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करतो. दुकान खाली, घर वर. गिऱ्हाईक आलं की मशीनची कुंडली मांडायला लागतं. मी म्हणतो, तुम्ही जरा गप्प बसा, मशीनला बोलू द्या. कान लावला की कळतं. गुरगुरतंय म्हणजे बेअरिंग, किंचाळतंय म्हणजे पट्टा, पाणी घेताना सुस्कारे टाकतंय म्हणजे व्हॉल्व्ह. लोक मला खडूस म्हणतात. बरोबरच आहे. पण संध्याकाळी शटर ओढून जिना चढलो की त्या खडूसपणाचं करायचं काय? तो करायलाही समोर कोणीतरी लागतं. घरात फ्रिजचा आवाज असतो, तेवढाच.

रविवारी चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो. तिथं माझी सोय होते. प्रार्थना पाळकसाहेब करतात, आपण सगळ्यांबरोबर आमेन म्हणायचं. तेवढं मला जमतं.

मुलगी समुद्रापलीकडे असते. लहानपणी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. लग्न करून अशीच गिरक्या घेत तिकडे पोचली. जावई भला माणूस आहे, फक्त बोलायचे पैसे पडतात असं समजून वागतो. एका दुपारी भिंगरीचा फोन आला आणि तिच्या पहिल्या 'बाबा'लाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. आवाजावरून बिघाड ओळखणं हेच आयुष्यभर केलंय मी.

"बाबा, घाबरू नका हं."

असं कोणी म्हटलं की माणूस आधी घाबरतो. तिच्या हृदयातला एक व्हॉल्व्ह खराब झाला होता. गुरुवारी ऑपरेशन. मला तिकडे जायचं तर कागदपत्रं लागणार, आणि ती हातात येईपर्यंत सगळं होऊन गेलं असतं.

"व्हॉल्व्ह ना?" मी उसनं अवसान आणून म्हटलं. "अगं, मग त्यात काय! मी रोज बदलतो."

ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते हृदय थोडा वेळ बंद ठेवतात."

आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे, मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. पण मला दुसरंही एक ठाऊक आहे, जे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. चांगलं चालतं मशीन आपण बंद करतो, काम चोख होतं, बटण दाबतो, आणि ते चालूच होत नाही. का, ते कोणाच्या बापाला कळत नाही.

"बाबा, ऐकताय ना? आत न्यायच्या आधी मी फोन करीन. तेव्हा माझ्यासाठी प्रार्थना करा. आई करायची तशी, मोठ्यानं."

"पाळकसाहेबांना सांगतो ना. आवाजही चांगला आहे त्यांचा."

"मला त्यांची नको. तुमची हवी."

"अगं, मला कुठं येतं ते..."

"आई असती तर तिनं केली असती." आणि तिचा आवाज फुटला. "आता तुम्हीच आहात, बाबा."

"नीट ऐकू येत नाहीये," असं म्हणून मी फोन ठेवला. फोन ठणठणीत होता.

त्या संध्याकाळी मी प्रयत्न केला, नाही असं नाही. पलंगाच्या कडेवर बसलो, डोळे मिटले, "हे स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात केली आणि गाडी तिथंच रुतली. एखाद्या कचेरीत साहेबासमोर उभा असल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगू का, मी चिडलो होतो त्याच्यावर. बायको नेली ती नेली, वर आता मुलीचा व्हॉल्व्ह. ज्याच्याशी आपण बोलणं टाकलंय त्याच्याच दारात मागायला जायचं, ते कोणत्या तोंडानं? पण नाही गेलो तर पोरीला काय सांगू? आईवेगळी पोर, परक्या गावात, खाटेवर. तिनं बापाकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे गेलो. ते गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते.

"एक प्रार्थना द्या लिहून," मी म्हटलं. "ऑपरेशनची."

त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून पान उघडून दिलं. वाचली. सुरेख होती. पण भिंगरीनं पहिल्या ओळीलाच चोरी पकडली असती. तिच्या बापानं जन्मात कधी 'कृपावर्षाव' हा शब्द तोंडातून काढलेला नाही. मी पुस्तक मिटून परत दिलं.

"तुम्ही देवाशी कधीच बोलत नाही का हो?" त्यांनी विचारलं.

"बोलतो की. गंजलेला स्क्रू हलेना की म्हणतो, अरे देवा!"

मला वाटलं, आता कानउघाडणी होणार. ते खोकत खोकत हसायला लागले. "मग झालं तर! तिथूनच पुढं बोला."

"आणि मनात राग असला तर?"

"कोणावर?"

मी बोट वर केलं. पाळकसाहेब हसायचे थांबले.

"मग आधी तेच सांगा त्याला," ते म्हणाले. "मनात एक ठेवून गोड बोललेलं तुम्हाला चालतं का?"

नाही चालत. गिऱ्हाईक गोड बोलायला लागलं की मी पहिल्यांदा सावध होतो.

गुरुवारी दुकान उघडलं नाही. टेबलावरच्या मोटारी, पट्टे, डब्या सगळं उचलून जमिनीवर ठेवलं, टेबल पुसलं आणि खुर्ची ओढून बसलो. तिकडे सकाळ होती तेव्हा इकडे दुपार. फोन समोर ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो. तिची खुर्ची पलीकडे, रिकामी. एवढं मोठं टेबल आम्ही का घेतलं होतं कोण जाणे.

फोन वाजला.

"बाबा, न्यायला आलेत. करा ना."

"अरे देवा," मी म्हटलं आणि अडलो. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता. दमलेला, तुटक. तो कानात शिरला आणि मग मला राहवेना.

"अरे देवा, मी रागावलोय तुझ्यावर. तुला माहीतच असेल, तरी सांगतो. माझी बायको नेलीस तू. घर खायला उठतं मला. घोड्यासारखा उभ्यानं जेवतो मी, दिसत असेलच तुला. ती असती तर तिनं नीट गोड शब्दांत सांगितलं असतं. आता तुझ्या वाट्याला मी आलोय, तेव्हा चालवून घे. ही आमची भिंगरी. हिचा व्हॉल्व्ह बिघडलाय. हे मशीन तूच बनवलंस, आतलं सगळं तुला ठाऊक. त्या डॉक्टरांचे हात थरथरू देऊ नकोस. ते बंद करतील, त्यांचं कामच आहे ते. चालू तू कर. एवढंच मागतो. चालू तू कर, बाबा."

एवढंच म्हणालो खरा, पण तोंड थांबेना. जावई बाहेर एकटा बसेल, त्याला कोणीतरी चहा विचारू दे, तो स्वतःहून मागणार नाही, असं म्हटलं. मग वरच्या मावशींचा गुडघा आठवला. टपालवाला आठवला, त्याची बदली अजून झालेली नाही. पाळकसाहेबांचा खोकला. एकेकाला धरून मी उभं करत होतो. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, पुसायची शुद्ध नव्हती. शेवटी दम लागला म्हणून थांबलो. आणि सवयीनं वाट बघायला लागलो, की आता कोणीतरी आमेन म्हणेल.

तिकडे खुडबुड झाली. जावई होता.

"बाबा, तिला आत नेलं. मघाशीच. दारापर्यंत जाऊन आलो. फोन खाटेवरच राहिला होता."

"मघाशीच म्हणजे? किती ऐकलं तिनं?"

"तुम्ही 'रागावलोय' म्हणालात ना, तिथं हसली. मग नेलंच."

फोन ठेवला. म्हणजे 'चालू तू कर' हे तिनं ऐकलंच नव्हतं. गुडघा, बदली, खोकला, सगळं मी एका रिकाम्या खाटेला सांगत होतो. मी बोलत असताना गिऱ्हाईक निघून गेलं तर मी त्याचं मशीन हातात घेत नाही. पण मला राग आला नाही. इकडे कोणी नव्हतं, तिकडेही कोणी नव्हतं, आणि तरी आपण भिंतीशी बोललो असं काही केल्या वाटेना. समोरचा ऐकत असला की त्याच्या गप्प राहण्यातही ते कळतं. ही शांतता तशी होती. ऐकणारी होती.

मी अंडं उकडायला ठेवलं. पाण्याला बुडबुडे येईपर्यंत ओट्यापाशी उभा होतो, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तर मी काय म्हणत होतो..."

ताट टेबलावर घेतलं. बसून जेवलो. एकटेपणा पळाला वगैरे खोटं सांगणार नाही. तिच्या खुर्चीकडे नजर गेली आणि हातातला घास परत ताटात ठेवला. तेही त्याला सांगितलं. ती कशी बसायची, पाव कशी तोडायची, सगळं सांगितलं. दुपार सरता सरत नव्हती आणि मी बडबडत होतो. मध्येच भीती वाटली की म्हणायचो, अरे देवा, आहेस ना? आणि पुढं बोलायचो.

अंधार पडायच्या सुमारास जावयाचा फोन आला.

"बाबा, झालं. चालू झालं."

चारच शब्द, पण एवढं मोठं भाषण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन भिंगरीच्या कानाला लावला. आवाज जड, जीभ अडखळत होती. पण श्वास ऐकला मी. सुस्कारा नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "मला तुमचं आमेन ऐकूच आलं नाही."

"कसं येईल? मी म्हटलंच नाहीये अजून."

"अजून?"

"अगं, बोलणं चालू आहे आमचं."