श्री. व सौ. कर्णिक यांस

अंधेरीच्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी साठ भाग्यवान जोडपी जमली होती. भाग्यवान हा शब्द पत्रातला. पत्र प्रत्येकाच्या हातात होतं, प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच खरं, आणि मधूनमधून स्टेजवर घंटा वाजली की सगळे माना उंचावून बघत होते. घंटा म्हणजे कुणीतरी सही केली. मग गाणं लागायचं, कागदाचे चमचमते तुकडे उडायचे, आणि माइकवाला घसा ताणून सांगायचा की बघा, नशीब असं असतं, ज्याचं त्यालाच मिळतं. चिंतामणी रंगाची साडी नेसलेली एक बाई पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली छातीशी धरून रडली, तेव्हा तर पुढच्या टेबलांवरच्या दोघीतिघींनी डोळे पुसले. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे देवाचा प्रसाद समजतात, त्याला कोण काय करणार.

नऊ नंबरच्या टेबलाशी वसुधा कर्णिक एकटीच बसली होती. वय सदुसष्ट, अंधेरीतच चार बंगला भागात राहणारी, आयुष्यात कुणाला फसवलं नाही की कुणाचं फुकट खाल्लं नाही. दारातल्या मुलीनं विचारलं, मॅडम, सर कुठे आहेत, जोडीनंच यायचंय. तर या बाईनं पापणी न लववता सांगितलं की गाडी लावतायत. गाडी पाच वर्षांपूर्वीच विकली होती, आणि सर, म्हणजे विद्याधर कर्णिक, जानेवारीतच वारले होते. आता डिसेंबर चालू होता.

असं का म्हणाली, तर त्याला कारण ते पत्र. बिल्डिंगच्या खालच्या पेटीत वीजबिलाच्या मागे ते क्रीम रंगाचं पाकीट होतं. त्यावर नाव होतं: श्री. विद्याधर व सौ. वसुधा कर्णिक. अकरा महिने बँकेपासून गॅसवाल्यापर्यंत जो तो तिला 'कै. विद्याधर यांच्या पत्नी श्रीमती वसुधा' असं लिहीत होता. ते बरोबरच होतं, पण प्रत्येक वेळी तेवढ्यापुरतं तिला पुन्हा सांगितल्यासारखं व्हायचं. आणि इथे कुणीतरी सरळ 'व सौ.' लिहिलं होतं. पाकीट न उघडताच ती पेटीपाशी बराच वेळ उभी राहिली.

आत लिहिलं होतं की लाखो जोडप्यांमधून ग्रहयोग जुळवून आमच्या संगणकानं आपली निवड केली आहे. चौदा डिसेंबरला आपल्या लग्नाचा वाढदिवस, त्यानिमित्त आपणांस पहिलं बक्षीस लागलं आहे. सोबत खरवडायचं कार्ड होतं, त्यातही पहिला नंबर निघाला. आणि शेवटी जाड अक्षरात: आपल्या मनातलं ठिकाण, काझीरंगा.

ते वाचून ती पायरीवरच बसली. काश्मीर असतं, केरळ असतं तर तिनं पत्र रद्दीत टाकलं असतं. काझीरंगा कोण म्हणतं? पालिकेच्या पाणीखात्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेल्या विद्याधरला एकदा गेंडा बघायचा होता. तुझ्या भावासारखा दिसतो का ते बघून येऊ, असं तो म्हणायचा आणि ती चिडायची. ही थट्टा दोघांतली, घराबाहेर कधी गेली नव्हती.

तिनं पत्र वरच्या मजल्यावरच्या मधुवंतीला दाखवलं, आणि संध्याकाळपर्यंत निम्मी बिल्डिंग तिच्या हॉलमध्ये. तेराव्यानंतर त्या घरात इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती. कुणी पत्र फोटोसमोर ठेवलं, कुणी त्यावर फूल वाहिलं. मधुवंतीनं तर निकालच देऊन टाकला की इच्छा अडकली होती त्यांची, त्यांनीच हे घडवून आणलंय, आता तू नाही म्हणालीस तर त्यांना शांती नाही मिळायची. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, लोक नऊपर्यंत बसले, आणि वसुधाला ते सगळं आवडलं. अशा गोष्टींवर तिचा कधीच विश्वास नव्हता. पण माणूस एकटं पडलं की जरा विश्वास ठेवून बघतं. खोटं निघालं तर निघालं, असं म्हणतं. पत्रात ओळखपत्र आणि चेकबुक आणा असं लिहिलं होतं, तेही तिनं पर्समध्ये टाकलं. विद्याधरमागे हातात आलेली ठेव त्याच खात्यात होती. म्हातारपणाचा आधार म्हणावा असं तेवढंच होतं.

तर आता ती नऊ नंबरला बसली होती आणि समोर मिहिर नावाचा पोरगेलासा विक्रेता. टाय, केसांना जेल, तोंडात साखर. त्यानं चहाचे दोन कप मागवले, एक तिच्यापुढे आणि एक शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे. सर आले की गरम देऊ, म्हणाला. मग त्यानं सुरू केलं. मॅडम, ही स्कीम नाही, हा योग आहे. आम्ही विकत नाही, आम्ही फक्त निरोप देतो. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस, भारतात कुठेही, आणि आजचा दर फक्त आजच, कारण ग्रह उद्या पुढे सरकतात. ग्रह आणि डिस्काउंट एकाच दिवशी संपतात हे ज्योतिष नवीनच होतं, पण पोरगा असा बोलत होता की ऐकणाऱ्याला हसायला फुरसत मिळू नये.

मध्येच तो विचारायचा, सरांना काय आवडतं? लग्न कसं जमलं? भांडता का हो अजून? आणि वसुधा सांगायची. त्यांना चहा कपात नाही, पेल्यात लागतो. पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. भांडण झालं की खिडकीत जाऊन उभे राहतात, आणि तिथूनच जेवायला काय आहे विचारतात. सगळं वर्तमानकाळात. अकरा महिन्यांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. घरी आलेले लोक पत्राबद्दल बोलले, आत्म्याबद्दल बोलले, माणसाबद्दल कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर त्या हॉलमध्ये तिला फार बरं वाटत होतं. दर वेळी दार उघडलं की मिहिर तिकडे बघायचा, सर का? आणि वसुधाही बघायची. तिलाही तेवढ्यापुरतं वाटायचं की येतीलच.

आजूबाजूला मात्र जोडप्यांचा घाम निघत होता. आठ नंबरचे गृहस्थ म्हणाले, घरी विचार करून सांगतो. त्यांचा विक्रेता गोड हसला आणि म्हणाला, घरी कुणाला विचारणार, मॅडम इथेच आहेत की, विचारा ना. दहा मिनिटांनी घंटा वाजली.

चहाच्या टेबलाकडे जाताना कुणीतरी तिच्यापाशी थबकलं. वसुधानं वर बघितलं. कल्पिता होती. वर्सोव्याची कोळीण, पंधरा वर्षं दर बुधवारी दारावर मासळी आणणारी. विद्याधर गेला तेव्हा दहाव्याला येऊन रडून गेलेली. आता ही सगळ्यांसमोर बोलणार, असं वसुधाला वाटलं. कल्पितानं रिकामी खुर्ची पाहिली, गार झालेला दुसरा कप पाहिला, आणि तिला काय कळायचं ते कळलं. ती मिहिरला म्हणाली की या ताईंना मी जरा चहाला नेते, आणि हात धरून तिला कोपऱ्यात घेऊन गेली.

तिथे तिनं कमरेचं कार्ड काढून दाखवलं. तिच्याही कार्डात पहिला नंबर. तिच्या टेबलाशेजारच्यांचाही पहिलाच.

"ताई, लॉटरीत पहिला नंबर एकाचाच येते ना? इथं तर सगळा हॉलच पहिला."

मग तिनं हळूच त्या चिंतामणी साडीकडे बोट केलं. आदल्या दिवशी, शनिवारी, कल्पिता एकटीच आली होती. नवरा होडीवर होता. जोडी नाही म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं, उद्या नवऱ्याला घेऊन या म्हणाले. पण दारात उभी असताना तिनं आत बघितलं होतं, आणि कालही हीच बाई, हीच साडी, हीच पुठ्ठ्याची किल्ली, असंच रडणं.

"बंदरावर लिलाव चालते तवा मालकाचाच एक माणूस गर्दीत उभा असते, भाव चढवायला. तो घेत नाय काय, निस्ता ओरडते. मी जल्मभर बघते ते. ही त्यातलीच. माझा हरेश्वर बसलाय बघ तिकडं झोपा काढत, पण सही करणार नाय. तू पण करू नको."

वसुधाला ते पटलं. पण काझीरंगा? ते कसं कळलं यांना? कल्पिता म्हणाली, ते मला नाय माहीत, पण विचार ना त्यालाच. वसुधानं विचारलं नाही. ती परत जाऊन खुर्चीवर बसली, कारण काझीरंगा हे एकच खरं असलं तर बाकी सगळं खोटं असून चाललं असतं. तीन तास होत आले होते. मिहिरनं फॉर्म पुढे सरकवला. तिनं चेकबुक काढलं.

पण फॉर्मवर दोघांची सही लागते. मिहिर म्हणाला, सरांना जरा फोन लावूया का, पार्किंगला फारच वेळ लागला. तिनं नको म्हणायच्या आत त्यानं फाइल उघडली, आतला एक पिवळा कागद बघून नंबर लावला आणि फोन कानाला धरून हसत म्हणाला, लागला, रिंग जातेय.

रिंग वसुधाच्या मांडीवर वाजली.

विद्याधरचा फोन तिनं बंद केलाच नव्हता. महिन्याच्या महिन्याला रिचार्ज करायची, रोज चार्ज करायची, बाहेर जाताना पर्समध्ये घालायची. अकरा महिन्यांत तो एकदाही वाजला नव्हता. शेजारच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. मिहिरचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. तिनं फोन काढला, हिरवं बटण दाबलं, आणि समोर हातभर अंतरावर बसलेल्या त्या मुलाला फोनवरूनच सांगितलं:

"बोला. विद्याधर कर्णिकांचाच फोन आहे. ते तीन जानेवारीला गेले."

दुसरा कुणी असता तर मान खाली घातली असती. पण हा धंद्यातला पोरगा. दोन सेकंदांत सावरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मग तर हा संकेतच आहे. ही सरांची शेवटची इच्छा समजा."

हेच वाक्य मधुवंतीनं म्हटलं होतं तेव्हा वसुधाचे डोळे भरले होते. आता तिला किळस आली. तिनं विचारलं, नंबर कुठून वाचलात? त्यानं फाइल मिटायला हात घातला, पण तोवर मागे येऊन उभ्या राहिलेल्या कल्पितानं तो पिवळा कागद उचलून वसुधाच्या हातात दिलासुद्धा.

मॉलमधलं कुपन होतं. मागच्या वर्षीची, दिवाळीआधीची तारीख. वरती छापलेलं: भरा आणि गाडी जिंका. खाली रकाने. आपलं नाव, पत्नीचं नाव, घरचा पत्ता, लग्नाची तारीख, मोबाइल नंबर, स्वप्नातलं ठिकाण. सहाही उत्तरं विद्याधरच्या नकाशातल्यासारख्या सुबक अक्षरात. तिला तो दिवस आठवला. ती कुकरची रिंग बदलून आली तेव्हा हा पठ्ठ्या एका चकचकीत गाडीपाशी वाकून काहीतरी लिहीत होता, आणि तिनं फटकारलं होतं की फुकटचं काय भरता, चला.

म्हणजे ग्रह नाही, संगणक नाही, आत्माही नाही. जिवंत माणसानं हौसेनं भरलेला कागद. गाडीचं नाव करून पत्ते गोळा करायचे, पत्त्यांवर क्रीम रंगाची पाकिटं धाडायची, सगळ्यांना पहिलं बक्षीस द्यायचं, आणि दोघांना एकत्र बोलवायचं, म्हणजे घरी विचारतो म्हणायला कुणाला तोंड उरत नाही. बक्षीस काय, तर कुठल्यातरी हॉटेलात तीन रात्री फुकट, तेही आधी सभासद झाल्यावर. एवढाच चमत्कार. आता कुणी म्हणेल, बघा, विद्याधर नव्हता म्हणून सही अडली, त्यानंच वाचवलं. म्हणणाऱ्यांना काय, ते म्हणणारच. वाचवलं ते कल्पितानं, डोळे उघडे ठेवून.

वसुधानं आठ नंबरच्या गृहस्थांना ते कुपन दाखवलं आणि शांतपणे विचारलं, तुम्हीही असं काही भरलं होतं का, आठवून बघा. त्यांनी बायकोकडे बघितलं. मग सात नंबरनं मागे वळून विचारलं, काय झालं? माइकवाल्यानं गाणं मोठं केलं, पण तोवर चारपाच टेबलांवर लोक उठून उभे राहिले होते. आठ नंबरच्या बाई तर आपला चेक परत मागायला तरातरा स्टेजकडे निघाल्या. मिहिर कुपन मागत होता, ऑफिसची प्रॉपर्टी आहे म्हणाला. कल्पितानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

संध्याकाळी बिल्डिंग पुन्हा तिच्या घरी जमली. काय झालं ते तिनं सगळं सांगितलं, गाडी लावतायत ते खोटंसुद्धा. कुपन हातोहात फिरलं. काही जण हळहळले, काहींनी हॉटेलवाल्यांना शिव्या दिल्या. मधुवंतीनं कुपन दोनदा वाचलं. मग म्हणाली, अगं पण आम्ही तुला बरं वाटावं म्हणूनच म्हणालो ना, ते पाठवतायत, ते बघतायत.

"माहीत आहे गं," वसुधा म्हणाली. "पण ते पत्र त्यांनी पाठवलंय असं मानलं आणि मी चेकबुक घेऊन गेले. आज थोडक्यात निभावलं. गेलेलं माणूस पत्र पाठवत नाही, मधुवंती, आणि कुणी पाठवतंय म्हटलं की पाठवणारा कोण, त्याला माझं घर कसं कळलं आणि त्याला माझ्याकडून काय हवंय, हे आधी विचारायचं. मीही विचारायला हवं होतं, तुम्हीही. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका. तिथे तो पोरगा मला तीन तास ह्यांच्याबद्दल विचारत होता, आणि मला ते इतकं हवं होतं की मी सही करायला निघाले होते. तुम्हाला माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर पत्र नसतानाही अधूनमधून येऊन बसत जा."

मग मधुवंती उठली, आणि चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेली.