जाळ्यांचा टोप, द्राक्षांचा रंग

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. भात शिजवायचा नव्हे. तुमच्यातलं एखादं पोर माझ्यात बसून खुशाल आंघोळ करील, एवढा मोठा. पनवेलच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला, दोन्ही अंगांना कड्या लावल्या आणि मी बैलगाडीतून सारसोळ्याच्या कोळीवाड्यात देवजीच्या अंगणात आलो. आता शेजारी वसलेल्या जुईनगरचं नावही तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. अंगणापुढे खाडी होती आणि खाडीपुढे नुसतं आभाळ.

माझं काम जाळी रंगवायचं. त्या काळी जाळी सुती असत आणि खाऱ्या पाण्यात सूत लवकर कुजतं. म्हणून देवजी माझ्यात ऐनाच्या झाडाची साल उकळायचा आणि त्या तांबड्या काढ्यात जाळी बुडवायचा. वर होडीचे मूठभर गंजके खिळे टाकायचा. लोखंड लागलं की तांबडा काढा काळा पडे. "काळं जाळं पान्यात माशाला दिसत नाय," असं तो नव्या नवरीला, म्हणजे येसूबाईला, समजावून सांगायचा. सगळा वाडा आपापली जाळी घेऊन माझ्याकडे येई. माझा मोठा मान होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

मग नायलॉन आलं. नायलॉन कुजत नाही, त्याला सालीचा काढा लागत नाही. मला घरामागे पालथं घातलं गेलं. कोंबड्या माझ्यावर चढून बसू लागल्या. पुढे देवजी गेला, खाडीच्या काठाला उंच उंच इमारती आल्या म्हणे. पण पालथ्या भांड्याला काही दिसत नाही, मित्रांनो, फक्त ऐकू येतं. पोटातल्या त्या काळोखात मी स्वप्नं पाहायचो. भरतीचं पाणी हळूच अंगणात शिरतंय, माझ्या काठावरून आत उतरतंय, आणि सुती जाळी माझ्यात संथ हलताहेत, असं काहीबाही दिसायचं. जाग कुठली आणि स्वप्न कुठलं, हे कळेनासं झालं.

एके दिवशी कुणीतरी मला सुलटं केलं. एकदम एवढं आभाळ आत आलं की मी दिपूनच गेलो. समोर येसूबाईची सून मिताली उभी होती. तुर्भ्याला द्राक्षांची वाईन करणारा एक लहानसा कारखाना निघाला होता. रस काढून घेतला की साली आणि बियांचा चोथा उरे आणि कचऱ्याच्या गाडीत जाई. मिताली तो मागून आणू लागली होती. बिया वाळवून, दळून ते पीठ ती बिस्किटांत घालायची. आता सालींच्या रंगात दुपट्टे रंगवायचं तिच्या मनात होतं आणि त्यासाठी मोठं भांडं हवं होतं.

तिचा नवरा प्रितेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. त्याला माझ्या जागेवर बाईक लावायची होती. भंगारवाल्याला त्यानं सांगूनही ठेवलं होतं.

"हे बघ, शनिवारी त्या नमिता मॅडम येतायत ना?" तो म्हणाला. "त्यांनी तुझे दुपट्टे घेतले तर ठेव टोप. नायतर रविवारी भंगारवाला उचलणार. फायनल!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नमिता वाशीत कपड्यांचं दुकान चालवते. तिला लग्नाच्या ऑर्डरसाठी वाईनसारखे लालजांभळे दुपट्टे हवे होते. शनिवारी सकाळी मितालीनं माझ्यात चोथा उकळला. किती वर्षांनी पोटात ऊब आली! आंबटगोड वाफ अंगणभर तरंगू लागली आणि मी पुन्हा स्वप्नात गेलो. चोथा गाळून मितालीनं तुरटीच्या पाण्यातून काढलेले पांढरे दुपट्टे आत सोडले आणि ती आंघोळीला गेली.

येसूबाई शेजारीच बसली होती. वाफेत तिचे डोळे अर्धवट मिटले होते. ती सावकाश उठली, घरातून जुना डबा घेऊन आली आणि त्यातले गंजके खिळे तिनं मूठभर माझ्यात टाकले. "आता धरंल रंग," ती मायेनं पुटपुटली. मला सगळं कळत होतं. पण टोपाला ओरडता कुठं येतं?

मितालीनं काठीनं पहिला दुपट्टा वर उचलला. तो काळा होता.

"आई, यात काय टाकलंत?"

"खिळे. तुजा सासरा टाकायचा ना." बोलता बोलता येसूबाईचा चेहरा पडला. "चुकलं काय गो?"

मितालीचे डोळे भरून आले, पण सासूवर न रागावता तिनं एकेक दुपट्टा पिळून दोरीवर टाकला. दुपारी नमिता आली, दुपट्टे हातात घेऊन म्हणाली, "कलर छान आहे हो, पण लग्नात काळं कोण घेणार?" आणि निघून गेली. माझं काय होणार, ते मला कळून चुकलं.

संध्याकाळी प्रितेश कामावरून आला. दोरीवर काळे दुपट्टे वाऱ्यानं फुगत होते. एकाचं टोक गालाशी धरून येसूबाई उभी होती.

"प्रितेश, तुज्या बापाचं जाळं असंच दिसायचं रं," ती म्हणाली. "मी तर इसरूनच गेलेली."

प्रितेशनं जन्मात फक्त नायलॉनची जाळी पाहिली होती. बापाचं सुती जाळं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं तो ओलसर दुपट्टा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग माझ्याजवळ येऊन माझ्या काठावर तळहात ठेवला. त्या घरात जन्मलेल्या त्या मुलाचा हात मला पहिल्यांदाच लागला.

रविवारी भंगारवाला आला. प्रितेश दारातच म्हणाला, "नाय द्यायचा. आईचा हाय."

पुढचा चोथा तोच आपल्या बाईकवर घेऊन आला. त्या खेपेला रंग लालजांभळा उतरला आणि नमिता ते सगळे दुपट्टे घेऊन गेली. काळे मात्र मितालीनं विकले नाहीत. त्यातला एक येसूबाईच्या खांद्यावर असतो.

मित्रांनो, पिळून झालेल्या सालीत केवढा रंग होता, ते मी पाहिलं. म्हणून एक विनंती करतो. घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला निघालात, तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिच्याजवळ थोडा वेळ बसू द्या. मग काय ते ठरवा.