शेजारची पोरगी

वरकुट्याची कल्याणी घरी बसून टॅलीचा कोर्स करत होती. शिकवणारे सर बारामतीचे. क्लास दुपारी मोबाइलवर भरायचा. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "घरात लहान मुलं असली की बायका कोर्स अर्धवट सोडतात." म्हणून आपल्याला दोन मुलं आहेत, हे तिनं सांगितलंच नाही.

एका दुपारी धाकटा झोळीत झोपला होता. ती सरांना जीएसटीच्या नोंदीबद्दल विचारत होती, तेवढ्यात चार वर्षांची छकुली येऊन तिच्या गळ्यात पडली आणि कानात कुजबुजली, "आई, भूक लागलीया."

"कोण आहे?" सरांनी विचारलं.

"शेजारची पोरगी हाय, सर," कल्याणी बोलून गेली.

छकुलीनं गळ्यातले हात काढले आणि ती गुपचूप बाहेर गेली. क्लास संपल्यावर कल्याणीनं तिला दूध-चपाती कुस्करून दिली, पण तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लास चालू असताना छकुली उंबऱ्यापाशीच थांबली. हळूच म्हणाली, "काकू, आत येऊ का?"

आईला मदत व्हावी म्हणून ती तसं म्हणत होती. कल्याणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं लेकीला ओढून मांडीवर घेतलं आणि माइक सुरू केला.

"सर, काल मी खोटं बोलले. ही माझीच लेक हाय. अजून एक मुलगाबी हाय."

सर म्हणाले, "बरं. पुढची नोंद करा."

"आता आई म्हणू?" छकुलीनं कानात विचारलं.

कल्याणीनं मान डोलावली.