कंबरेला खाचा असलेला तुकडा

मित्रांनो, मी अॅल्युमिनियमचा एक जुना तुकडा आहे. डेलबर्ट हौगेन यांच्या चिमुकल्या विमानाच्या उजव्या पंखात, बिजागरीला आधार देत मी अकरा वर्षे बसलो आहे. एकदा मी भंगारात जाता जाता वाचलो, ती हकीकत ऐका.

विस्कॉन्सिनमधल्या हौगेन यांच्या गॅरेजमध्ये मी मोठ्या खोक्यातून आलो. सुट्या भागांतून घरीच विमान जोडायचा आमच्या गावात अनेकांना नाद आहे. खोक्यातले बाकीचे तुकडे कसे सरळ, देखणे! मी मात्र दोन्ही टोकांना रुंद, मध्ये बारीक आणि कंबरेला इकडेतिकडे खाचा. यादीत लिहिले होते, ‘आधार: डावा एक, उजवा एक.’ आणि त्या जागी मी एकटाच!

डेलबर्टकाकांनी आयुष्यभर दूध काढायची यंत्रे दुरुस्त केली होती. सूचना वाचणे त्यांना कमीपणाचे वाटे. त्यांनी मला उजव्या पंखाला लावून पाहिले, मग डाव्या. मी कुठेच बसेना. शेवटी वैतागून त्यांनी मला रिकाम्या डब्यांच्या बादलीत फेकले. शनिवारी भंगारवाले ती बादली नेत. उडायचे सोडून आता मी वितळणार, या विचाराने मला फार वाईट वाटले.

शुक्रवारी दुपारी काकांच्या पत्नी मार्लिसबाई कॉफी आणि रूबार्ब नावाच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री घेऊन आल्या. गावातल्या निम्म्या गोधड्या आणि झगे त्यांच्या हातचे. त्यांनी मला बादलीतून उचलले.

“हे का टाकलंस?”

“डोकं उठवलंय त्यानं. कारखान्यानं चुकीचं पाठवलंय.”

“आराखडा वाचलास?”

“बघितला की!”

“पाळणाही तू असाच बघून जोडला होतास, डेल. उलटा.”

त्यांनी कागद पसरला आणि माझ्या चित्रातल्या कंबरेवरच्या तिरप्या रेघांच्या पट्टीवर बोट ठेवले. “एवढं कापून टाकायचं. झग्याचं कापड बेतताना खुणेच्या खाचा मी काय हौस म्हणून ठेवते? अरे, ही जोडी आहे, एकाच तुकड्यात आलीय!”

काकांनी मला कागदावरच्या चित्राशेजारी धरून पाहिले. “म्हणजे यादी बरोबर होती.”

“यादी बरोबर, कारखाना बरोबर. आता उरलं कोण?”

काका इतके हसले की कॉफी सांडली.

करवत लागली तेव्हा मी घाबरलो, खोटे कशाला सांगू? पण काकांनी माझी कड कानशीने गुळगुळीत केली आणि मला उजव्या पंखात पक्के ठोकले. माझा दुसरा अर्धा, म्हणजे माझा भाऊ, डाव्या पंखात गेला. आता विमान डावीकडे कलले की मी वर जातो आणि तो खाली. उजवीकडे कलले की त्याची पाळी. आम्हाला इतका आनंद होतो म्हणून सांगू!

मित्रांनो, एखादी गोष्ट कुठेच बसत नसेल, तर तिला लगेच वेडीवाकडी ठरवून फेकू नका. कागद नीट वाचा. तरी नाही कळले, तर दुसऱ्याला विचारा. त्यात लाज कसली?

आमच्या मधली ती बारीक कंबर तरी वाया गेली असेल, असे तुम्हाला वाटेल. काकांनी तिला भोक पाडून ती विमानाच्या किल्लीला अडकवली आहे. ती किल्ली मार्लिसबाईंकडे असते, आणि त्या काकांच्या शेजारी येऊन बसेपर्यंत आम्ही दोघे भाऊ जमिनीवर वाट बघत थांबतो.