लाल रेघेच्या वर

जनाया जन्मली ती जेमतेम दीड किलोची. मर्नाने नातीला सदऱ्याच्या आत छातीशी बांधून महिनाभर फिरवलं. तेव्हाही मर्ना वस्तीच्या दवाखान्यातच कामाला होती. वस्तीतली पोरं वजनकाट्यावर ठेवायची आणि कार्डावर टिंब टाकायची. दोन वर्षं तिच्या नातीचं टिंब खालच्या लाल रेघेखाली रेंगाळत होतं.

"पोरीला खाऊ घाल, नाहीतर वर कळवावं लागेल," तेव्हाची नर्स म्हणायची.

वर कळवणं म्हणजे काय, ते मर्नाला समजावून सांगायची गरज नव्हती. आदिवासींची पोरं घरातून काढून नेण्याच्या त्या काळात तिच्या आईला सहा वर्षांची असताना सरकारी गाडीतून उचलून नेलं होतं, ती परत आली थेट तिशीत. मर्नाने मुकाट्याने खाऊ घातलं. दुधाच्या पावडरीत साखर, लापशीत तेल, नर्स सांगेल तसं. टिंब रेघेवर चढलं त्या दिवशी तिने दवाखान्यात सगळ्यांना चहा पाजला.

त्याला सात वर्षं झाली. यंदा पावसाने नदी रस्त्यावर चढली आणि सात आठवडे झाले तरी वस्तीतून गाडी हलली नव्हती. आठवड्याला एक छोटं विमान यायचं, त्यात टपाल, औषधं आणि उरलेल्या जागेत मावेल तेवढी भाजी. ती उतरेपर्यंत कोमेजलेली असायची आणि दुपारपर्यंत संपायची. मग दुकानात उरायचं पीठ, साखर, डब्यातलं मटण, नूडल्स आणि थंड पेयं.

अशात शाळेत वजनाचा दिवस आला. नवी नर्स हॅरिएट आकडे मोठ्याने वाचत होती, मर्ना लिहून घेत होती. जनायाचा आकडा ऐकून मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काटा मोडला रे!" वर्ग हसला. जनायाही हसली, पण आजीकडे न बघता.

दुपारी हॅरिएटने कार्ड पुढे सरकवलं. "वरच्या रेघेच्याही वर गेलीय, मर्ना." सोबत आहाराचा कागद होता. ताजी मासळी, लाल तांदूळ, बेरी.

मर्नाने कागद वाचला. "यातलं काही दुकानात दिसलं तर मलाही हाक मार, मीपण बघून घेईन."

हॅरिएट हसली, मग गंभीर झाली. "तीन महिन्यांत फरक पडला नाही तर वर कळवावं लागेल. नियम मी केलेला नाही."

शब्दही तेच. ती नोंद मर्नाने स्वतःच्या अक्षरात लिहिली. ते तिचंच काम होतं. संध्याकाळी फाईल घरच्या टेबलावर उघडीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने जनायाच्या ताटातले पाव आणि चिप्स कमी केले. कोरड्या दिवसांत ती पोरीला घेऊन पाणथळीवर गेली असती, कासवं शोधायला, कमळकंद उकरायला. आता तिकडची वाट पाण्याखाली आणि पाण्यात मगरी. वस्तीच्या गल्ल्यांत कुत्री अंगावर येत. चालायला एकच जागा होती, विमानाची धावपट्टी. रोज उन्हं कलली की दोघी तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि परत यायच्या. जनाया कुरकुरली नाही. मर्नाला वाटलं, पोरगी शहाणी आहे.

नवव्या दिवशी धावपट्टीच्या मध्यावर जनाया खाली बसली आणि आडवी झाली. मर्नाने तिला उचलू पाहिलं, उचलता येईना. शेवटी स्वतःच्या सावलीत तिला घेऊन बसली आणि बाटलीतलं पाणी ओंजळीने तोंडावर मारत राहिली.

पोरीने डोळे उघडले.

"काय खाल्लंस आज?"

"काही नाही."

"आणि काल?"

"कुत्रीला घातलं. घराच्या खांबांखाली झोपते तिला."

"का गं?"

जनाया आभाळाकडे बघत म्हणाली, "तू लिहिलंयस ना फाईलमध्ये. मला नेतील म्हणून. आईला नेलं, ती कुठे परत आली?"

तिची आई लिओनी मूत्रपिंडाच्या आजाराने दोन वर्षं शहरात होती. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागे आणि ते यंत्र वस्तीत नव्हतं. मर्नाला हे सगळं नीट सांगता आलं असतं. तिने फक्त पोरीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

सकाळी ती हॅरिएटपुढे उभी राहिली. धावपट्टीवर घडलं ते सांगितलं.

"मला हे माहीत नव्हतं," हॅरिएट म्हणाली.

"तू विचारलं नव्हतंस. आणि मी लिहून मोकळी झाले. दोघींनी मिळून केलं." मर्नाचा आवाज चढला नाही. "यापुढे पोरं काट्यावर पाठमोरी उभी राहतील. आकडा कोणी तोंडाने उच्चारायचा नाही. आणि त्या आठवड्यात दुकानात काय होतं तेही फाईलमध्ये लिहायचं."

हॅरिएटने पहिल्या दोन गोष्टी तिथल्या तिथे मानल्या. तिसरीसाठी छापील नमुन्यात रकाना नव्हता. तिने समासात लिहायला सांगितलं. मर्नाने लिहिलं. जनाया पुन्हा जेवू लागली, आजीसमोर बसून.

तीन महिन्यांनी उंची अंगठाभर वाढली होती आणि वजन तेवढंच होतं. टिंब किंचित खाली सरकलं, तरी रेघेच्या वरच. नियमाप्रमाणे कागद वर गेला. पाऊस लांबल्याने रस्ता अजून बंदच होता. वरून उत्तर आलं, रस्ता उघडताच दोन माणसं घर बघायला येतील. समासातल्या ओळींबद्दल त्यात काही नव्हतं. मर्ना आता रोज नदीकाठी जाऊन पाणी किती उतरलं ते बघायची आणि उतरलेलं दिसलं की घाईने घरी येऊन आधी पोरगी कुठे आहे ते बघायची.

रविवारी लिओनीचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"आई, जनाया कशी आहे? खाते ना पोटभर?"

खाते म्हणावं की नाही म्हणावं, यातलं कुठलं उत्तर चांगल्या आजीचं, ते मर्नाला कळत नव्हतं.

"हे बघ, तिलाच विचार," ती म्हणाली आणि फोन पोरीच्या हातात दिला.