उशिरा आलेले

प्राध्यापक हरिभाऊ ठवकरांची शोकसभा भिलाईत बरोबर सहाला सुरू झाली, तेव्हा सभागृहात अकरा माणसं होती. चाळीस वर्षं शिकवून अकराच? मितालीला बाबांच्या फोटोकडे बघवेना. पाणी प्यायला ती बाहेर आली, तर व्हरांड्यात पन्नास-साठ माणसं गुपचूप उभी.

"चिंधूभाऊ, आत काऊन नाही येऊन राहिले?"

"रेल्वे फाटकावर अडकलो, ताई. पाच मिनटं लेट झालो," प्लांटमधून निवृत्त झालेले चिंधूभाऊ पुटपुटले. "सर लेटवाल्याले आत घेत नव्हते ना."

"आता कोण अडवते?"

चिंधूभाऊंनी दारातून फोटोकडे पाहिलं. "पाहून राहिले ना!"

मितालीनं घसा खाकरला आणि थेट बाबांसारखं दरडावलं, "चला आत! एक शब्द नको!"

पिकल्या केसांची ती मंडळी मान खाली घालून शिरली. मागच्या रांगा लगेच भरल्या. पुढे बसायची मात्र अजूनही कोणाची हिंमत होईना.